बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून गावभर ‘पीएम किसान’ची फाईल जाऊन राहिली, मदत हवी आहे

नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यातून लिहितो आहे.

परवा संध्याकाळी बाबांना गावातल्याच एका ओळखीच्या नंबरवरून ‘पीएम किसान यादी’ नावाची फाईल आली. नावाच्या शेवटी एपीके होतं, म्हणजे ती यादी नाही, फोनात अ‍ॅप टाकणारी फाईल, पण ते कोण बघतं? २००० चा हप्ता आला का ते पाहायला बाबांनी ती उघडली आणि फोन जी परवानगी मागत गेला ती देत गेले. यादी काही दिसली नाही, म्हणून फोन ठेवून दिला.

काल सकाळपासून तीच फाईल बाबांच्या नंबरवरून गावच्या ग्रुपात आणि सगळ्या सोयऱ्यांना जाऊन राहिली. बाबांच्या फोनवर मात्र व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं आहे. कोड मागवला तर मेसेजच येत नाही. सोयाबीनचे पैसे नुकतेच खात्यात आले आहेत, त्यामुळे जीव थाऱ्यावर नाही. बाबा कालपासून जेवले नाहीत, ‘माह्या नावानं लोकायचं नुकसान होऊन राहिलं’ एवढंच म्हणतात.

व्हॉट्सअ‍ॅप परत कसं मिळवू? आणि ज्यांनी फाईल उघडली त्यांना काय सांगू?

प्रतिसाद १
भाऊ, व्हॉट्सअ‍ॅप नंतर, आधी पैसे. बाबांच्या फोनचं नेट आत्ता बंद करा आणि तुमच्या फोनवरून बँकेला फोन लावून यूपीआय व मोबाईल बँकिंग थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) तक्रार द्या. जितक्या लवकर द्याल तितकी रक्कम मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त.

मेसेज न येण्याचं कारण बहुतेक ते अ‍ॅपच आहे. मेसेज वाचायची परवानगी मिळाली की ते ओटीपी परस्पर पळवतं आणि तुमच्यापासून लपवतं. म्हणून सिम काढून दुसऱ्या, ती फाईल न उघडलेल्या फोनात टाका. तिथे आधी *#२१# लावून कॉल कुठे वळवले आहेत का बघा. वळवले असतील तर ##००२# ने रद्द होतात. मग त्याच फोनात व्हॉट्सअ‍ॅप टाकून नंबर नोंदवा. सहा अंकी कोड भरला की बाबांचं खातं वापरणारा चोर त्यातून आपोआप बाहेर पडतो.

कोड खूपदा मागवला असेल तर काही तास थांबायला लावतं. घाबरू नका, पुन्हा पुन्हा दाबत बसू नका.

प्रतिसाद २
यात एक अडचण येऊ शकते, माझ्या मामांच्या वेळी आली होती. कोडनंतर व्हॉट्सअ‍ॅपने पिन (खात्याचं दुसरं कुलूप, यूपीआयचा नव्हे) मागितला आणि तो तुम्ही कधी ठेवलेलाच नसेल, तर तो चोराने लावलेला आहे. मग सात दिवस थांबावं लागतं. पण कोड भरल्याबरोबर तो बाहेर गेलेला असतो, त्यामुळे या सात दिवसांत त्यालाही काही पाठवता येत नाही. खातं हाती आलं की ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये (खात्याला जोडलेले इतर फोन-कॉम्प्युटर) जे अनोळखी दिसेल ते काढा आणि स्वतःचा पिन लावा.

जुन्या फोनवर विश्वास ठेवू नका. त्यातले फोटो दुसरीकडे उतरवून घ्या आणि फोन पूर्ण रिसेट करा.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनला ती फाईल सगळ्यांसाठी डिलीट करता येते, त्यांना आजच गाठा. आणि ग्रुपात इशारा लिहून टाकू नका दादा, बोलून टाका. आपल्याकडे लांब मेसेज म्हातारी माणसं वाचत नाहीत, आवाज मात्र ऐकतात.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. पैसे शाबूत आहेत, बँकेने व्यवहार थांबवले. सिम आईच्या साध्या फोनात टाकून कोड मिळवला, तो माझ्या जुन्या फोनात भरला. पिन मागितला, म्हणजे सात दिवसांचा वनवास आहे, पण फाईल जाणं बंद झालं.

ग्रुपात बाबांनीच बोलून टाकलं: ‘माह्या नंबरावरून आलेली फाईल उघडू नका, ज्यानं उघडली त्यानं नेट बंद करून आमच्या घरी या.’ रात्री नऊपर्यंत चौघं जण फोन घेऊन ओसरीत बसले होते. त्यातल्या एकाच्या खात्यातून पैसे गेले आहेत. १९३० वर तक्रार नोंदवली, नंबर लिहून घेतला. उद्या त्याच्यासोबत बँकेत जातो. तिथे अजून कोणती कागदं मागतात, कोणाला अनुभव असेल तर सांगा.