करवीर तालुक्यात काळ्या रानात प्रीफॅब घर: पॅनेल कोणतं?

प्रश्न: ६०० चौरस फुटांचं प्रीफॅब (कारखान्यात तयार झालेले भाग जोडून उभं करतात ते) घर करायचंय. भिंतीला ५० मिमी पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम) चालेल का?

उत्तर: भिंतीला चालेल, छताला ८० घ्या. स्वयंपाकघराला रॉकवूल (दगडी लोकर) भरलेलं पॅनेलच; पफ आगीत जळतं.

उत्तर: पॅनेलचं नंतर, आधी पाया बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया हलला की पॅनेलचे सांधे उघडतात. मुरूम लागेपर्यंत खोदा. नदीकाठ जवळ असेल तर २०१९ आणि २०२१ च्या महापुराचं पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, जोतं त्याच्या वर घ्या.

उत्तर: छत बहुतेक वेळा स्क्रूपाशी गळतं. ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं रबर) वॉशरचेच स्क्रू घ्या. जास्त आवळला की रबर चेपून फाटतं, सैल राहिला की पाणी शिरतं. रबर कडेला जरासं फुगलेलं दिसलं की थांबायचं.