'परकीय हस्तक' म्हणावं का? सोव्हिएतोत्तर देशांतल्या संस्थांविषयीचे काही शब्द

नमस्कार मंडळी,

एका त्रैमासिकासाठी मी माहितीलेख लिहिते आहे. युक्रेन, जॉर्जिया, आर्मेनिया, किरगिझस्तान, रशिया या देशांतल्या लहान संस्था इंटरनेटवरून मदत कशी मिळवतात आणि कुणाकुणाशी जोडून घेतात, हा विषय. माहिती बरीच जमली आहे. टेकसूप या आंतरराष्ट्रीय ना-नफा संस्थेमार्फत नोंदणीकृत संस्थांना सॉफ्टवेअर मोफत किंवा अगदी कमी शुल्कात मिळतं. युक्रेनमध्ये 'गुर्त' नावाच्या पोर्टलवर अनुदानांच्या आणि प्रशिक्षणांच्या जाहिराती येतात. युरोपीय संघाने २००९ मध्ये सुरू केलेल्या 'ईस्टर्न पार्टनरशिप'मधल्या सहा देशांतल्या संस्थांचा स्वतःचा मंच आहे.

अडलंय ते शब्दांपाशी. 'नॉनप्रॉफिट'ला स्वयंसेवी म्हणू की बिगरसरकारी? 'पार्टनरशिप'ला भागीदारी चालेल का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे रशियन कायद्यातला 'इनोस्त्रान्नी अगेंत', परदेशातून पैसे घेणाऱ्या संस्थांवर मारला जाणारा शिक्का. मराठी बातम्यांत त्याला 'परकीय हस्तक' म्हटलेलं वाचलंय, पण स्वतः लिहिताना मन तयार होत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

पहिल्या शब्दापुरतं सांगतो. रशियन कायद्यातला शब्द 'नेकोमेर्चेस्काया ऑर्गनिझात्सिया', बोलताना नुसतं 'एनकेओ'. १९९६ च्या कायद्याने या नावाखाली धर्मादाय निधी येतात, संघटना येतात आणि पुढे रोसआतोमसारखं अणुऊर्जेचं सरकारी महामंडळसुद्धा आलं, कारण नफा कमावणं हे त्याचंही मुख्य उद्दिष्ट धरलेलं नाही. तेव्हा एनकेओला सरसकट 'बिगरसरकारी' म्हटलं तर चूक होईल. 'ना-नफा संस्था' लिहा, तो अर्थाने चोख बसतो.

मुळात 'ऑब्श्चेस्त्वेन्नाया' असेल तिथे मात्र जरा थांबा. त्या शब्दाच्या पोटात 'समाज' आहे. आपल्याकडे त्याला फार चांगला जुना शब्द होता: सार्वजनिक. १८७० ची पुण्याची सार्वजनिक सभा सरकारची नव्हती, लोकांची होती. सार्वजनिक गणेशोत्सवातही तोच अर्थ आहे. आता 'सार्वजनिक क्षेत्र' म्हटलं की सरकारी बँक आठवते, त्यामुळे तो शब्द इथे वापरला तर वाचक नेमका उलट्या दिशेला जाईल. मला याचं मनापासून वाईट वाटतं. तूर्तास 'लोकसंघटना' लिहा.

प्रतिसाद

'भागीदारी' टाळा. आपल्या कायद्यात भागीदारी संस्था म्हणजे नफा वाटून घेणारा धंदा, १९३२ चा कायदा त्यासाठीच आहे. सहयोग, सहयोगी संस्था हे शब्द बरे. आणखी एक खाचखळगा: जुन्या रशियन कागदपत्रांत 'नेकोमेर्चेस्कोये पार्तन्योर्स्त्वो' (शब्दशः ना-नफा भागीदारी) दिसलं तर तो दोन संस्थांमधला सहयोग नव्हे, तो नोंदणीचा एक प्रकार होता. १९९६ च्या कायद्यातच होता, नंतर मोडीत निघाला.

प्रतिसाद

ताई, मी किरगिझस्तानात, बिश्केकला एमबीबीएस करतोय. आमच्याकडची बरीच मराठी मुलं इथे आहेत. 'स्वयंसेवी' या शब्दाबद्दल थोडं सांगतो. सोव्हिएत काळात 'सुब्बोत्निक' होता, शनिवारचं फुकट श्रमदान. १९१९ साली मॉस्कोच्या रेल्वे डेपोत सुरू झाला आणि पुढे देशभर रुळला. नाव स्वेच्छेचं, पण गैरहजर राहायची सोय नाही. रशियनमध्ये त्यावर एक जोडशब्दच आहे, 'दोब्रोवोल्नो-प्रिनुदीतेल्नो', म्हणजे स्वखुशीने-सक्तीने. त्यामुळे 'स्वयंसेवक' म्हटल्यावर मराठी माणसाला जे वाटतं तेच इथल्या वयस्क माणसाला वाटेल असं नाही.

पण त्याहून जुना एक शब्द इथे जिवंत आहे: 'अशार'. शेजाऱ्याचं घर बांधायचं तर सगळ्यांनी मिळून जायचं, पैसे घ्यायचे नाहीत, घरधन्याने जेवण घालायचं. कझाकमध्ये 'असार', उझबेक आणि ताजिकमध्ये 'हशार', युक्रेनियनमध्ये 'तोलोका'. आमच्या आजोबांच्या तोंडी यालाच 'इर्जिक' होतं. लेखात कुठे 'हशार' आला तर त्याचं 'स्वयंसेवा' करू नका, इर्जिक लिहा. उझबेकिस्तानात सरकारनेही याच नावाखाली लोकांना कामाला जुंपलं आहे, ते कंसात सांगता येईल.

प्रतिसाद

मुख्य प्रश्नाकडे येते. मी बरीच वर्षं कायदेविषयक भाषांतर करते. माझं मत स्पष्ट आहे: 'हस्तक' लिहू नये.

मराठीत हस्तक म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून गुपचूप वाईट काम करणारा. गुंडाचा हस्तक, शत्रूचा हस्तक. या शब्दात आरोप सिद्ध होऊनच बसलेला असतो. २०१२ चा रशियन कायदा म्हणत होता की परदेशातून पैसे घेणाऱ्या आणि 'राजकीय कार्य' करणाऱ्या संस्थेने 'परकीय एजंटाचं कार्य करणारी संस्था' म्हणून नोंद करावी आणि आपल्या प्रत्येक प्रकाशनावर तसं छापावं. समर्थक अमेरिकेच्या १९३८ च्या परकीय एजंट नोंदणी कायद्याचा दाखला देतात. पण तिथे 'एजंट' म्हणजे कुणाच्या तरी वतीने काम करणारा, ज्याला आपल्या करार कायद्याच्या मराठीत 'अभिकर्ता' म्हणतात. रशियन कानाला मात्र 'परकीय' आणि 'एजंट' जवळ आले की स्टालिनकाळातले हेरगिरीचे खटले आठवतात. २०१२ मध्ये कायदा लागू होताच मॉस्कोतल्या 'मेमोरियल'च्या इमारतीवर कुणी तरी हेच शब्द रंगवून गेलं. जिने त्या दडपशाहीच्या बळींची नावं गोळा केली, त्याच संस्थेवर हा शिक्का बसला. २८ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्त केली, तीही हा शिक्का छापण्याचे नियम पाळले नाहीत या कारणावरून. पुढच्याच वर्षी तिला शांततेचं नोबेल विभागून मिळालं.

आपण 'हस्तक' लिहिलं तर तो शिक्का आपल्या हाताने पुन्हा मारतो. 'अभिकर्ता' लिहिलं तर शब्दाची दहशत नाहीशी होते, आणि ती तर खरी आहे. म्हणून मी 'परकीय एजंट' लिहिते, कायम अवतरणात, आणि प्रत्येक वेळी कर्ता सांगून: 'रशियन सरकारने "परकीय एजंट" ठरवलेली संस्था'. हे 'ठरवलेली' सोडू नका.

प्रतिसाद

असहमत. सामान्य वाचकाला 'एजंट' म्हटलं की विमा एजंट आठवेल. लोकांना काय भोगावं लागतं ते 'हस्तक'मधूनच कळतं.

प्रतिसाद

'परकीय' जोडलं की विमा कुणाला आठवणार नाही. शिवाय इतर देशांत शब्द बदलला आहे, ते 'हस्तक'मध्ये दाखवताच येत नाही. जॉर्जियाच्या २०२३ च्या मसुद्यात 'परकीय प्रभावाचे एजंट' होतं. लोक रस्त्यावर उतरले, मसुदा मागे घेतला गेला. २०२४ मध्ये तोच कायदा आला तेव्हा एजंट गायब होता, त्याजागी 'परकीय शक्तीचे हितसंबंध पुढे नेणारी संघटना' असं आलं, २० टक्क्यांहून जास्त निधी बाहेरचा असेल तर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये किरगिझस्तानने 'परकीय प्रतिनिधी' हा शब्द घेतला. शब्द मवाळ झाले, धाक तोच राहिला. जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, लोकांनी तर त्याला सरळ 'रशियन कायदा' म्हटलं. तिन्ही देशांसाठी 'हस्तक' लिहिलं तर हा सगळा प्रवास वाचकाला दिसणारच नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार, विशेषतः इर्जिकबद्दल. 'परकीय एजंट' पक्कं करते. अजून दोन अडचणी. एक, 'ग्रान्तोयेद'. दुसरी, रशियन 'नेझेलातेल्नाया ऑर्गनिझात्सिया'. याला 'नकोशी संस्था' केलं तर?

प्रतिसाद

'ग्रान्तोयेद' म्हणजे अनुदान खाणारा. 'ल्युदोयेद' म्हणजे नरभक्षक, तशाच घडणीचा शब्द. जॉर्जियन भाषा रशियनपेक्षा पूर्ण वेगळ्या कुळातली, तिथेही याच अर्थाचा 'ग्रान्तिचामिया' आहे. आपला 'लाचखाऊ' हाताशी आहेच, त्यावरून 'अनुदानखाऊ' करा. शिवीच आहे, ती शिवीच राहू द्या.

प्रतिसाद

'नकोशी' नको, ताई. साताऱ्याकडे त्या नावाच्या मुली होत्या, २०११ मध्ये त्यांची नावं बदलण्याचा सोहळा झाला. तो शब्द त्यांच्या वाट्याचा आहे. 'अवांछित' लिहा.

आणि हा शब्द 'परकीय एजंट'शी मिसळू देऊ नका, हे कळकळीने सांगते. 'परकीय एजंट' ठरलेली संस्था शिक्का छापून कायद्याने काम करू शकते, कितीही अडचणी आल्या तरी. २०१५ च्या कायद्याने 'अवांछित' ठरलेल्या संस्थेचं तसं नाही. तिला पैसे देणं किंवा तिचं काम चालवणं हा रशियात फौजदारी गुन्हा आहे. तिच्या पानाचा दुवा समाजमाध्यमावर टाकल्याबद्दलही लोकांना दंड झाले आहेत. नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमोक्रसी आणि ओपन सोसायटी फाउंडेशन या निधी देणाऱ्या अमेरिकी संस्था २०१५ मध्येच या यादीत गेल्या. युक्रेन किंवा आर्मेनियातल्या संस्थांसाठी ही नावं निधीच्या यादीत उपयोगाची. पण तुमच्या लेखात सगळ्या देशांची एकच सामाईक यादी असेल, तर रशियासाठीची यादी वेगळी काढा आणि तिथे या नावांपुढे 'रशियात "अवांछित" घोषित' एवढं नक्की छापा.