एसएटी 1430, टेस्ट ऑप्शनल कॉलेजला पाठवावा का? (अमेरिका, इंजिनिअरिंग)

नमस्कार मंडळी, लेक यंदा सीनियर इयरला (बारावीला) आहे, आम्ही न्यू जर्सीत असतो. मिशिगन आणि रटगर्सची अर्ली अ‍ॅक्शन (लवकर अर्ज करायची मुदत) 1 नोव्हेंबरला आहे आणि त्याआधी एक गोष्ट काही केल्या ठरत नाहीये म्हणून इथे विचारतेय. एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा, 1600 पैकी) 1430 आलाय, मॅथ 760 आणि इंग्लिश 670. मेकॅनिकल इंजिनिअरिंग हवंय, ग्रेड्स छान आहेत, एपी (शाळेतच कॉलेजच्या पातळीचे विषय) कॅल्क्युलस आणि एपी फिजिक्स दोन्ही घेतलंय.

पर्ड्यूला स्कोअर द्यावाच लागतो आणि कॅलिफोर्नियातली यूसी कॉलेजेस प्रवेशाला तो बघतच नाहीत, तिथे प्रश्न मिटला. अडलंय ते मिशिगन, रटगर्स आणि एनवाययूला (न्यू यॉर्क युनिव्हर्सिटी), ही टेस्ट ऑप्शनल आहेत, म्हणजे स्कोअर पाठवायचा की नाही ते आपण ठरवायचं. कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) प्रत्येक कॉलेजसाठी वेगळं हो-नाही करता येतं, तेवढं बरंय.

कौन्सेलर म्हणतात, कॉलेजच्या मिडल 50 रेंजमध्ये (मधल्या 50 टक्के मुलांचे स्कोअर ज्या पट्ट्यात येतात तो) बसत असेल तरच पाठवा. पण मला हे पूर्ण पटत नाही कारण ती रेंज फक्त स्कोअर पाठवून अ‍ॅडमिशन घेतलेल्या मुलांची असते, कमीवाले पाठवतच नाहीत मग आकडा फुगणारच ना! कॉमन डेटा सेटच्या (कॉलेज दरवर्षी स्वतःची आकडेवारी देतं तो तक्ता) सी9 भागामध्ये किती टक्के मुलांनी स्कोअर दिला तेही असतं, ते आधी बघा असं मी तर सगळ्यांना सांगेन.

2024 मध्ये डार्टमथ कॉलेजने टेस्ट परत सक्तीची केली तेव्हा त्यांच्या अभ्यासात निघालं होतं की कमी सोयीसुविधांतून आलेल्या काही मुलांनी 1400 च्या आसपासचे स्कोअर पाठवलेच नाहीत, पाठवले असते तर त्यांना फायदा झाला असता, कारण मूल कुठल्या शाळेतून आलंय ते धरून तिथे स्कोअर बघतात. आता आमची शाळा भलतीच स्पर्धेची, 1500 च्या वरची मुलं ढीगभर, मग हाच हिशोब आमच्या उलट जाईल का, ही खरी काळजी आहे.

माझ्या मते मिशिगन आणि रटगर्सला पाठवावा, एनवाययूला नको, तिथली रेंजच 1450 च्या वर सुरू होते. नवरा म्हणतो सगळीकडे पाठव, लेक म्हणते कुठेच नको. पुन्हा परीक्षा द्यायची नाहीये, तिला तो वेळ निबंधांना द्यायचाय आणि ते मला पटतं.

तर ज्यांची मुलं गेल्या दोन-तीन वर्षांत इंजिनिअरिंगला लागली त्यांनी प्लीज सांगा, मॅथचे 760 वेगळे बघितले जातात का, की एकूण 1430 च बघतात? आणि न्यू जर्सीतल्या मोठ्या पब्लिक स्कूलमधून कोणी स्कोअर न देता मिशिगन इंजिनिअरिंगला लागलंय का? ऐकीव नको, स्वतःच्या घरातलं सांगा. इथे लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.