मदत हवी आहे: बँक गटाला कर्ज देईना, हंगाम चाललाय

अबोली
नमस्कार. आमच्या बचत गटाचं कर्जाचं प्रकरण दोन महिने बँकेत पडून आहे. साहेब म्हणतात तुमच्यात थकबाकीदार आहे, आधी ते निल करा मग बघू. वर पन्नास हजारांची ठेव ठेवा म्हणतात. आम्हाला मसाल्याचं कांडप यंत्र घ्यायचंय. मिरच्या वाळून पोत्यात भरल्या, बायका विचारायला लागल्यात. गेल्या वर्षीचा हंगामही असाच गेला. काय करावं लवकर सांगा.

निवृत्त लेखनिक
ताई, घाई कळते, पण एवढ्यावर काय सांगणार? गट सरकारच्या उमेद अभियानातला, महिला आर्थिक विकास महामंडळाचा (माविम) की आपापला? किती जणी, बचत किती, गट किती जुना? थकबाकी गटाची की कुणा एकीची?

शेळीवाला
कांडपाच्या नादी लागू नका. आमच्या वाडीत दोन यंत्रं धूळ खात पडलीत. वर्षातून तीन महिने काम, नऊ महिने हप्ता. त्यापेक्षा शेळ्या घ्या.

कडकलक्ष्मी
तुम्ही प्रत्येक धाग्यावर शेळ्या सोडता. मागे एकीनं शिलाई मशीनचं विचारलं होतं, तिथेही हेच.

अबोली
उमेद. ११ जणी, महिना २०० प्रमाणे, तीन वर्षं झाली. १५ हजार फिरता निधी मिळालेला, तो आपसात फिरतोय. बँकेचं कर्ज आधी कधी नाही. मागणी अडीच लाखांची. शाखा बदलल्यामुळे इथलं खातं पाच महिन्यांचंच आहे, त्यावरूनही अडवतात. थकबाकी गटाची नाही, एकीच्या मालकांचं पीककर्ज आहे, याच बँकेचं.

झटपट
बँकेत कशाला खेटे घालता? खाजगी कंपन्या गट बघून चार दिवसांत पैसे देतात.

कडकलक्ष्मी
आणि हप्त्याच्या दिवशी सकाळी आठला वहीवाला ओट्यावर बसतो. आमच्या आळीत त्या दिवशी बायका दाराला कुलूप लावून बांधावर जाऊन बसतात. तुमच्या घरी कुणी घेतलंय का?

झटपट
फेडायचं नसेल तर कुठलंही कर्ज वाईटच.

निवृत्त लेखनिक
भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. अबोलीताई, मी गटांची प्रकरणं वीस वर्षं हाताळली. बचत गटांच्या कर्जावर रिझर्व्ह बँकेचं मास्टर परिपत्रक आहे, त्याची प्रत काढा. गट सहा महिने चालू असायला हवा, पण ते गटाच्या वह्यांवरून मोजायचं, खातं उघडल्या तारखेवरून नाही. एखाद्या सभासदाची किंवा तिच्या घरच्यांची थकबाकी असली तरी गट स्वतः थकीत नसेल तर एरवी गटाचं कर्ज अडवायचं नाही. दहा लाखांपर्यंत तारण नाही, मार्जिन म्हणजे पदरचा हिस्सा नाही, ठेव मागायची नाही, बचत खात्यावर बोजाही चढवायचा नाही. पहिलं कर्ज गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा दीड लाख, जे जास्त ते. तुमची बचतच ८० हजारांच्या घरात, म्हणजे अडीच लाख सहज बसतात. वह्या पूर्ण आहेत ना? कार्यवृत्त, रोखवही, सगळ्यांच्या सह्या?

अबोली
आहेत. दोन बैठकांवर सह्या राहिल्यात, लग्नसराई होती.

निवृत्त लेखनिक
मागच्या तारखेच्या सह्या मारू नका. आल्या नाहीत तर गैरहजर लिहा. पाहणीला आलेला माणूस शाईवरून ओळखतो.

बांधावरून
प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्राला ३५ टक्के अनुदान असतं, वर प्रत्येकीला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल. कृषी कार्यालयात जा, बँकच नको.

निवृत्त लेखनिक
ते अनुदान कर्जाला जोडलेलं असतं हो. पुन्हा त्याच साहेबांसमोर उभं राहायचं. आणि बीज भांडवल खेळतं भांडवल आणि लहान अवजारांसाठी, मोठ्या यंत्राला नाही.

सह्याद्रीचा वारा
मूळ दुखणं सातबाऱ्याचं. बायकांच्या नावावर जमीन नाही तोवर बँक विचारणार नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम आली, नवऱ्यांनी आपणहून बायकोचं नाव लावलं. तलाठ्याकडे अर्ज करा.

कडकलक्ष्मी
पटतं. पण गटाच्या कर्जाला सातबारा लागतच नाही, वर काकांनी लिहिलंय. मिरची पोत्यात आहे आणि तुम्ही फेरफार सुरू करताय.

बांधावरून
यंत्र ठेवणार कुठे पण? थ्री फेज आहे का?

अबोली
आहे, माझ्या पडवीत. मीटर मालकांच्या नावावर.

कडकलक्ष्मी
थांब. तुझ्या पडवीत, तुझ्या मालकांचं मीटर. पीककर्ज कुणाचं गं?

अबोली
आमचंच. दोन वर्षं कांदा गेला. आधी लिहिलं नाही कारण इथेही बोलतील वाटलं. गटातल्या बायका काही म्हणत नाहीत, पण बैठकीत मीच मान खाली घालून हिशेब वाचते. सचिवही मीच.

निवृत्त लेखनिक
यात लपवण्यासारखं काही नाही. पण तुमची त्या पीककर्जावर जामीनदार म्हणून सही आहे का?

अबोली
कुठेतरी अंगठ्याशेजारी सही घेतली होती. सासऱ्यांचा अंगठा, माझी सही. काय कागद होता ते वाचलं नाही.

निवृत्त लेखनिक
तो आधी बघून घ्या. त्याच परिपत्रकात असंही आहे की गटाच्या कर्जातून बँकेच्या थकीत सभासदाला पैसे द्यायचे नाहीत. म्हणून यंत्राचं कोटेशन आणि बिल गटाच्या नावे हवं, तसा ठराव हवा. पडवी वापरायची तर गटाशी भाडेकरार करा. नाहीतर साहेब म्हणणार, यंत्र थकबाकीदाराच्या घरी चाललंय.

शेळीवाला
शेळीला थ्री फेज लागत नाही.

अबोली
दादा 🙏

दुसऱ्या एकीच्या घरी ठेवायचं का तेही बैठकीत विचारते. सोमवारी आम्ही सगळ्या अकरा जणी जातो. नाही म्हणाले तर?

निवृत्त लेखनिक
अर्ज लेखी द्या आणि नकारही लेखी मागा. अकरा जणी जा पण बोलणारी एकच ठेवा. तालुक्याच्या उमेद कार्यालयालाही प्रत द्या. लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही.

अबोली
पोच देत नाहीत हो. मागच्या वेळी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि जेवायला गेले.

निवृत्त लेखनिक
मग स्पीड पोस्टनं पाठवा, शाखेलाही आणि विभागीय कार्यालयालाही. पावत्या गटाच्या वहीतच चिकटवा.