हंगामाच्या सणातला लिलाव : अर्पण की बाजार?

बांधावरचा
अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत हंगामाच्या सणाला बाजरीची कणसे, भोपळे, शेवग्याच्या शेंगा, अंडी आणि पाय बांधलेल्या कोंबड्या वेदीपुढे ठेवल्या जातात आणि आशीर्वादाची प्रार्थना झाली की तिथेच लिलाव पुकारला जातो. मंदिरासाठी सोने-रुपे गोळा झाल्यावर दावीद राजा म्हणाला की सर्व काही देवापासूनच येते आणि त्याच्याच हातचे आपण त्याला देतो (बायबल, 1 इतिहास 29:14). हे मान्य असेल, तर देवाला परत दिलेल्या वस्तूवर बोली लावून स्वतःचे नाव मिरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, प्रभू येशूने पाहिल्या. आमच्याकडे पाहिला जातो तो शेवटचा आकडा. लिलाव बंद करून हे धान्य गरजू घरांत वाटावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना खजिनदार
आपल्या मताचा आदर राखून विरोध नोंदवतो. वाट लांब असेल तर दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, विकून पैसा गाठीला बांधून न्यावा, अशी सोय बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात आहे आणि धान्याचा दशमांश सोडवून घ्यायचा असेल तर एक पंचमांश अधिक भरावा, असे लेवीय 27:31 सांगते. म्हणजे अर्पण केलेली वस्तू मोल देऊन परत घेणे शास्त्राला अमान्य नाही. शिवाय ज्याचे शेत केव्हाच विकले गेले आणि जो आता पिंपरीच्या कारखान्यात पाळी करतो, त्याने वेदीपुढे काय आणून ठेवावे? त्याची बोली हेच त्याचे पीक आहे. पाळकांचा पगार आणि गळके पत्रे यांचा हिशेब मी मुद्दामच काढत नाही.

कणगी
खजिनदारांनी दोन ओळी पुढे वाचायला हवे होते. 33व्या वचनात कळपातला दहावा पशू सोडवून घ्यायला साफ मनाई आहे (कोंबडीला हा नियम लागतो का, हे पंचांनी ठरवावे!). पंचमांश ठरलेला होता, तिथे चढाओढीला जागाच नव्हती; आणि अनुवादातला तो पैसा परमेश्वरापुढे घरच्यांसह व लेव्यासह (मंदिरसेवा करणाऱ्या लेवी वंशातल्या माणसासह) जेवून आनंद करण्यासाठी होता, पत्रे बदलण्यासाठी नव्हे. आपल्या सणात एकत्र जेवण उरले आहे का?

शेवंती
आमच्या गावी आहे. तिथे लिलावात भोपळा घेणारा तो पुन्हा वेदीपुढे ठेवतो, दुसरा घेतो, तोही ठेवतो, आणि शेवटी तो भोपळा सामुदायिक जेवणाच्या पातेल्यात जातो. एकट्या म्हातारीची अंडी कोणाची आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणूनच त्यांची बोली सर्वांत वर चढते. संतोषाने देणारा देवाला आवडतो, असे पौल करिंथकरांना लिहितो, तो संतोष मला या गोंगाटात दिसतो. निमूटपणे पाकीट टाकून घरी जाण्यात तो असतोच असे नाही.

बांधावरचा
शेवंतीताई, आपल्या गावासारखा लिलाव असता तर मी हा धागा काढलाच नसता. आमच्याकडे भरल्या सभेत बोली चढवून वर्षभर पैसे न भरणारे आहेत आणि त्यांची नावे पुढच्या सणाला वाचून दाखवावी लागतात. नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा, असे उपदेशकाने म्हटले आहे. विकलेल्या जमिनीच्या पैशांतला काही भाग मागे ठेवून खोटे बोलणाऱ्या हनन्याचे काय झाले, तो कसा तिथेच कोसळून मेला, तेही प्रेषितांच्या कृत्यांत आहेच.

जुना खजिनदार
थकबाकीचा मुद्दा मान्य, पण तो उधारीविरुद्ध जातो, लिलावाविरुद्ध नाही. बोली रोखीनेच घ्यावी आणि पावतीवर नाव असले तरी ते सभेत पुकारू नये, एवढा ठराव पंचांपुढे ठेवायला मी तयार आहे. कणगी यांनी जेवणाचा खर्च त्याच रकमेतून करण्याचे कलम जोडले, तर तेही ठरावात घेईन.

कणगी
जोडते. मात्र कोंबड्या लिलावात नकोत. त्या थेट पातेल्यात जाव्यात.