‘ट्रॅश टॉक’ला मराठीत काय म्हणायचं?

पेडणेकर_अनुवाद
गोव्यातल्या गावच्या क्लबांच्या प्रशिक्षकांसाठी फुटबॉलच्या नियमांचं छोटं मराठी टिपण चाललंय. बाराव्या नियमाशी, म्हणजे फाउल आणि गैरवर्तनाशी, गाडं अडलंय. पहिल्या खर्ड्यात ‘ट्रॅश टॉक’साठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं डोकं फिरावं म्हणून मैदानावर केलेल्या बोलण्यासाठी, सगळीकडे ‘शिवीगाळ’ घातलं होतं. त्यावर एका रेफ्रीची हरकत आली की शिवीगाळ म्हटलं की लाल कार्ड, म्हणजे खेळाडू मैदानाबाहेर, आलं, आणि मैदानावरचं बरंचसं बोलणं तिथवर जातच नाही. शेरेबाजी, डिवचणं, खिजवणं, टोमणे असे पर्याय आहेत. पेडण्यापासून काणकोणापर्यंत कळेल असा एक शब्द सुचवा.

डिचोलीचा_पंच
एक शब्द मिळायचा नाही, कारण नियमात ती एक गोष्टच नाही. वेगवेगळे कप्पे आहेत. ‘मागच्या मॅचला कुठे लपला होतास?’ हे नुसतं बोलणं झालं. त्याला कार्ड नाही. रेफ्री फार तर दोघांना बाजूला घेऊन दम देईल. खेळ चालू असताना किंवा तो पुन्हा सुरू करताना बोलून प्रतिस्पर्ध्याचं लक्ष उडवलं तर पिवळं, म्हणजे ताकीद; दोन पिवळी झाली की लाल. रेफ्रीच्या निर्णयावर हुज्जत घातली तरी पिवळं. अपमानास्पद किंवा शिवराळ बोललं तर थेट लाल, मग ते प्रतिस्पर्ध्याला असो, स्वतःच्या सोबत्याला असो की लाइन्समनला. नुसत्या बोलण्याच्या गुन्ह्याला नेहमी इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत), डायरेक्ट कधीच नाही. आणि बॉल खेळात नसताना, समजा कॉर्नर घ्यायच्या आधी शिवी दिली, तर कार्ड निघतं पण कॉर्नर कॉर्नरच राहतो. प्रशिक्षक नेमके इथेच चुकतात आणि फ्री किकसाठी भांडत बसतात.

शब्दवेडा
‘वाग्बाण’ का नको? शुद्ध आहे, अर्थवाही आहे, आणि त्यात मारा करण्याचा भावही आहे.

काणकोणकर
शब्दवेडा बाब, धुळेरच्या मैदानावर राइट बॅकला ‘वाग्बाण सोडू नकोस’ म्हणून बघा. तो बॉल सोडून तुमच्याकडे बघत राहील, आणि तेच लक्ष उडवणं होईल.

‘डिवचणे’ घ्या. काठीने टोचून बघायचं, प्राणी उठतो का ते. ट्रॅश टॉकमध्ये तेच असतं. बोलणाऱ्याला उत्तर नको असतं, हालचाल हवी असते.

सांगेची_वाचक
‘खिजवणे’ जास्त नेमकं आहे. हिंदीतलं खीजना तेच, आणि दोन्ही संस्कृत खिद्यतेकडे जातात. खेद, खिन्न याच घरातले. म्हणजे समोरच्याच्या मनात काय होतं ते या शब्दात आहे. डिवचण्यात फक्त डिवचणाऱ्याचा हात दिसतो.

शब्दवेडा
मग ‘हुज्जत’ तेवढी टिपणात चालते वाटतं? ती अरबी. मूळ अर्थ पुरावा, युक्तिवाद.

डिचोलीचा_पंच
चालते. रेफ्रीपुढे पुरावे मांडत बसणं हाच तो गुन्हा आहे.

फातोर्डा_ईस्ट
मंडळी व्युत्पत्तीत शिरली, पण शब्द ठरवण्याआधी हे काम कसं चालतं ते बघा. चांगला डिवचणारा कुणालाही डिवचत नाही. ज्याला एक पिवळं मिळालंय तो पहिला गिऱ्हाईक. नुकतीच संधी वाया घालवलेला स्ट्रायकर दुसरा. वेळ बॉल थांबलेला असतानाची, कॉर्नरला गर्दी झाली की. तोंड रेफ्रीकडे पाठ करून, आणि आता तर हात ओठांवर धरून, कारण कॅमेरे ओठ वाचतात. आवाज चढवायचा नाही. दुसऱ्याला चढवायला लावायचा.

आणि पकडला जातो तो प्रतिक्रिया देणारा. २००६च्या विश्वचषकाची बर्लिनची फायनल घ्या. ११० व्या मिनिटाला फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या मातेरात्सीच्या छातीत डोकं मारलं. मुख्य रेफ्री एलिझोंदोचं लक्ष बॉलकडे होतं, चौथ्या रेफ्रीने कळवल्यावर लाल निघालं. मातेरात्सीने पुढे जे सांगितलं त्यानुसार झिदान म्हणाला, शर्ट हवा असेल तर नंतर देतो, आणि त्यावर याने बहिणीवरून उत्तर दिलं. फीफाने झिदानला ३ सामन्यांची बंदी घातली, मातेरात्सीलाही २ सामन्यांची. म्हणजे बोलणं मोकळं सुटलं नाही, फक्त सामना चालू असताना सुटलं.

सांगेची_वाचक
मग बहिणीवरून बोलणं हे डिवचणं की शिवीगाळ?

काणकोणकर
कोकणीत ती सरळ ‘गाळ’. इथे वाद नाही.

शब्दवेडा
‘गाळ’ मराठी टिपणात नको. मराठी वाचक नदीतला समजेल.

काणकोणकर
‘शिवीगाळ’ या जोडशब्दात दुसरा शब्द कुठला आहे, बाब? तिथे नदी आठवत नाही ती?

पेडणेकर_अनुवाद
म्हणजे ‘शिवीगाळ’ फक्त लाल कार्डाला ठेवायचं, इतकं तरी ठरलं का? आणि ‘लूज युवर टेंपर’चं काय? ‘संयम सुटणे’ लिहिलंय.

फातोर्डा_ईस्ट
‘संयम सुटणे’ वर्तमानपत्री आहे. मैदानावर ‘डोकं फिरलं’, कोकणीत ‘तकली फिरली’. ‘तिडक आली’ हेही खूप चालतं.

सांगेची_वाचक
तिडक आणि मराठी तिडीक यात फरक आहे. मराठीत आधी दुखण्याची तिडीक, मग मनाची. गोव्यात तिडक म्हणजे सरळ राग. घाटावरचा माणूस वाचेल तर त्याला कपाळ दुखतंय असं वाटेल.

डिचोलीचा_पंच
नियमाला डोकं फिरण्याशी देणंघेणं नाही. मारलं, थुंकलं, चावलं की लाल. आधी समोरचा काय बोलला हे शिस्तपालन समितीत शिक्षा ठरवताना येतं, मैदानावर नाही. त्यामुळे टिपणात त्या शब्दापेक्षा उपाय लिहा. मार्कर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पाठीला लावलेला खेळाडू, बदला, म्हणजे डिवचणारा आणि पिवळं मिळालेला समोरासमोर राहणार नाहीत. कर्णधाराला मध्ये घाला. हाफटाइमला त्या खेळाडूच्या डोळ्यात बघून ठरवा, ठेवायचा की काढायचा. दुसरं पिवळं आलं की संघ १० वर येतो, आणि मग बदली हातात असून उपयोग नाही.

पेडणेकर_अनुवाद
‘बोलून लक्ष उडवणे’ याला गावातलं उदाहरण?

डिचोलीचा_पंच
‘सोड!’ मराठीतही तेच, कोकणीतही तेच. आपल्याच खेळाडूला ओरडलात तर काही नाही. प्रतिस्पर्धी बॉल घेणार तेवढ्यात त्याचाच सोबती असल्यासारखं ‘सोड!’ ओरडलात आणि त्याने सोडला, की पिवळं आणि इनडायरेक्ट. ‘माझा!’ या ओरडण्याला मुळात बंदी नाही. ती आहे असं सांगणारे प्रशिक्षक मात्र भरपूर.

फातोर्डा_ईस्ट
गोलकीपरचंही घाला. कोपा अमेरिका २०२१च्या सेमीफायनलला पेनल्टीच्या वेळी अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझ कोलंबियाच्या येरी मिनाला स्पॅनिशमध्ये म्हणाला, ‘मीरा के ते कोमो, एर्मानो.’ स्टेडियम रिकामं, माइकने सगळं उचललं. त्याने ३ पेनल्टी अडवल्या. २०२३पासून नियमात स्पष्ट आलंय की किक घेणाऱ्याचं लक्ष उडेल असं गोलकीपरने वागू नये, वेळ काढू नये, पोस्ट, बार, जाळी यांना हात लावू नये.

शब्दवेडा
त्याचं मराठी काय? ‘बघ, खातो तुला, भावा’?

काणकोणकर
‘भावा’ कोल्हापूरचं. इथे ‘खातां तुका, बाबा’.

सांगेची_वाचक
रिकाम्या स्टेडियमवरून आठवलं. आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही मोसम पूर्ण गोव्यात झाले, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोत. फेब्रुवारी २०२२ मध्ये बचावपटू संदेश झिंगनचं ‘औरतों के साथ मॅच’ हे वाक्य तसंच ऐकू आलं आणि त्याला जाहीर माफी मागावी लागली. त्यात शिवी एकही नव्हती. ते तुमच्या कुठल्या कप्प्यात?

डिचोलीचा_पंच
‘अपमानास्पद’ या शब्दात. म्हणूनच तिथे ‘शिवीगाळ’ एकटं पुरत नाही.

सांगेची_वाचक
आणि भाषेवरून सुटका मागणारेही असतात. उरुग्वेच्या सुआरेझने कृष्णवर्णीय एव्राला ‘नेग्रो’ (काळा) म्हटलं, त्या प्रकरणात इंग्लंडच्या एफएने, म्हणजे फुटबॉल संघटनेने, तो शब्द उरुग्वेत कसा वापरतात यावर स्पॅनिशचे तज्ज्ञ बोलावले, तरी ८ सामन्यांची बंदी आणि ४० हजार पौंड दंड झाला. उरुग्वेच्याच कवानीला ‘ग्रासियास, नेग्रितो’ (आभार, काळ्या) लिहिल्याबद्दल ३ सामने, तेव्हा उरुग्वेच्या भाषा अकादमीने निषेध केला. आमच्या गावात हा शब्द प्रेमाचा आहे, हा बचाव शिस्तपालन समितीला नवा नाही.

डिचोलीचा_पंच
म्हणून अहवालात रेफ्रीने ‘शिवीगाळ केली’ एवढंच लिहू नये. शब्द जसा उच्चारला तसा, कोकणी तर कोकणी, मराठी तर मराठी, अवतरणचिन्हात. कुणाला उद्देशून, कितव्या मिनिटाला, किती अंतरावरून ऐकला. ‘असभ्य भाषा’ लिहिलेला अहवाल अपिलात पहिल्या प्रश्नालाच पडतो.

शब्दवेडा
मग कोकणी शब्द रोमीत (रोमन लिपीत) लिहायचा की देवनागरीत?

काणकोणकर
झालं. आता हा धागा पावसाळ्यापर्यंत चालेल.

पेडणेकर_अनुवाद
तूर्त ‘डिवचणे’ टाकतोय.

सांगेची_वाचक
खिजवणे.