बोरलँडने 24 व्या वर्षी फुटबॉल सोडलं ते बरोबर की चूक?

बेएरियावाला

नमस्कार मंडळी. विषय आपल्या मातीतला नाही पण आमच्या घरात गेले दोन आठवडे हाच चालू आहे म्हणून धागा काढतोय. मुलगा आठवीत आहे, पुढच्या वर्षी हायस्कूल, आणि त्याला शाळेच्या फुटबॉल टीममध्ये जायचंय. फुटबॉल म्हणजे इथलं, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं ते. फॉर्मवर पालकाची सही लागते. फॉर्म फ्रीजवर लावलाय आणि माझी सही काही होत नाहीये.

हे सगळं चालू असताना मला सारखा ख्रिस बोरलँड आठवतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओहायोतल्या केटरिंग गावचा पोरगा, विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीकडून खेळला, 2014 च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम नवे खेळाडू फेऱ्यांनी निवडतात तो) तिसऱ्या फेरीत आमच्या फोर्टीनाइनर्सनी, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमने घेतला. उंची सहा फुटाच्या आत, लाइनबॅकरसाठी, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या बचावाच्या खेळाडूसाठी, बुटका म्हणायचे सगळे. सुरुवातीला बाकावरच होता. मग टीमचा नेहमीचा लाइनबॅकर पॅट्रिक विलिस जखमी झाला आणि याला उतरवलं, आणि त्याने जे काय टॅकल केलेत, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्यांना पाडलंय! न्यूयॉर्क जायंट्सच्या मॅचमध्ये दोन इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांचा फेकलेला बॉल मधेच पकडला. त्याच वर्षी सँटा क्लारात नवीन स्टेडियम सुरू झालं होतं, माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर, मी नवाकोरा प्रेक्षक, नियम निम्मे कळायचे नाहीत पण हा पोरगा दिसायचा. बॉल जिथे तिथे हा आधीच पोचलेला.

सीझन संपला आणि मार्च 2015 मध्ये त्याने सांगून टाकलं की मी थांबतोय. वय 24. दुखापतीमुळे नाही, टीमने काढलं म्हणून नाही, काही नाही. कारण एकच, डोक्याला बसणारे मार. सीझनच्या आधी कॅम्पमध्ये त्याच्या डोक्याला मार बसला, गरगरलं, पण टीममध्ये जागा पक्की करायची म्हणून तो तसाच खेळत राहिला. आणि नंतर स्वतःलाच विचारायला लागला की आपण हे काय करतोय. मग वाचलं, संशोधकांना भेटला, घरच्यांशी बोलला आणि निर्णय घेतला.

करार चार वर्षांचा होता, जवळपास 29 लाख डॉलरचा. सहीच्या वेळी जे सहा लाख सतरा हजार मिळाले होते त्यातला तीन चतुर्थांश भाग त्याने परत केला.

माझं मत स्पष्ट आहे. माझ्या बघण्यातला हा सगळ्यात धाडसी खेळाडू. लागल्यावर सगळेच थांबतात, हा सगळं उत्तम चाललेलं असताना थांबला. तुम्हाला काय वाटतं?

तालमीतला

दादा, मला नाही पटलं. राग मानू नका, सविस्तर लिहितो.

मी कोल्हापुरातल्या तालमीत बारा वर्षं काढलीत. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग माती, मग खुराक. बापाने दूध-बदामासाठी म्हैस विकली नाही, उलट दुसरी घेतली, कर्ज काढून. एकविसाव्या वर्षी मैदानात समोरच्याने पट काढला, मी अंग चोरलं आणि गुडघा फिरला. ऑपरेशन झालं, परत उतरलो, परत गेला. संपलं. आज सतरा वर्षं झाली तरी मैदानाचा हलगीचा आवाज आला की मी गल्ली बदलून जातो.

माझी कुस्ती गुडघ्याने संपवली, मी नाही. आणि इथे एक जण, ज्याचं अंग धड आहे, ज्याला देवाने ती नजर दिलीय, तो एका सीझनमध्ये म्हणतो बास. त्याच्या मागे कितीतरी पोरं त्या एका जागेसाठी राबत होती, त्यांचं काय? ज्या कोचनी शाळेपासून घडवला त्यांचं काय? धोका कुठल्या खेळात नाही सांगा. कुस्तीत मान मोडते. ते माहीत असूनच आपण माती कपाळाला लावतो ना.

भ्याला असं मी म्हणणार नाही. पण धाडस म्हणू नका, एवढंच.

शिवाजीपार्क

तालमीतला यांच्याशी सहमत. नरी कॉन्ट्रॅक्टर आठवा. 1962, बार्बाडोस, ग्रिफिथचा बॉल डोक्यावर, कवटीला फ्रॅक्चर, वेस्ट इंडीजच्या कॅप्टन फ्रँक वॉरेलने स्वतः रक्त दिलं. आपला कॅप्टन होता तो, वय 28. जगला वाचला आणि परत बॅट हातात घेऊन फर्स्ट क्लास खेळला, टेस्टमध्ये परत यायची त्याची इच्छा होती. निवडलं नाही ती गोष्ट वेगळी. त्याला म्हणतात धाडस.

न्यूरोवॉर्ड

मी मुंबईत न्यूरो वॉर्डला सिस्टर आहे, सतरा-अठरा वर्षं झाली. दोघांचाही मान ठेवून सांगते, तुमची उदाहरणं या विषयाला लागू होत नाहीत.

कॉन्ट्रॅक्टरना जे झालं तो एक बॉल, एक अपघात. गुडघा फिरला तो एक क्षण. बोरलँड ज्याला घाबरला तो अपघात नाहीच, ते रोजचं काम आहे. लाइनबॅकरचं कामच धावत येऊन समोरच्याला अंगाने थांबवणं. प्रत्येक वेळी कन्कशन, म्हणजे मेंदूला जाणवण्याइतका धक्का, होत नाही, चक्कर येत नाही, पण मेंदू कवटीत हलतो. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हलायचा थांबत नाही. बरणीला गोधडी गुंडाळून हलवली तर बरणी फुटणार नाही, आतलं लोणचं हलणारच. असे छोटे मार शाळेपासून मोजले तर हजारात जातात. त्यातून पुढे काहींच्या मेंदूत टाऊ नावाचं प्रोटीन साचत जातं, त्या आजाराला सीटीई म्हणतात. विसरणं, संताप, नैराश्य, शेवटी स्मृतिभ्रंश. आणि खात्रीचं निदान होतं ते मेल्यानंतर, मेंदू कापून बघितल्यावर. जिवंतपणी कुठलाही स्कॅन ठामपणे सांगत नाही. म्हणजे तालमीतला दादा, तुमचा गुडघा गेला ते तुम्हाला त्याच दिवशी कळलं. याला कळलं असतं पन्नाशीत, तेही बायकोला आधी.

माईक वेबस्टर म्हणून पिट्सबर्गचा मोठा खेळाडू, 2002 मध्ये पन्नाशीतच गेला, शेवटची वर्षं हाल झाले. बेनेट ओमालू या मूळच्या नायजेरियन डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला म्हणून हे उजेडात आलं. 2005 मध्ये त्याने पेपर छापला तर लीगच्या, म्हणजे ही व्यावसायिक स्पर्धा चालवणाऱ्या एनएफएलच्या, डॉक्टरांनी तो मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं. लीगने मेंदूच्या दुखापतींसाठी समिती नेमली होती त्याचा प्रमुख कोण होता तर संधिवाताचा डॉक्टर. आमच्या वॉर्डात असं कोणी केलं तर नातेवाईक उभं करणार नाहीत.

रिकामा_तास

सिस्टर तुमच्या अनुभवाचा आदर आहे पण थोडं थांबून बघूया. सगळे जण जो आकडा सांगतात तो 2017 चा, बोस्टन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासातला, एनएफएलच्या 111 खेळाडूंच्या मेंदूंपैकी 110 मध्ये सीटीई सापडला. वाचून माणूस हादरतो. पण ते मेंदू दान कोणी केले? ज्यांच्या घरच्यांना आधीच काहीतरी बिनसलंय असं दिसत होतं त्यांनी. ठणठणीत म्हातारा झालेल्या खेळाडूच्या घरचे कशाला मेंदू पाठवतील. संशोधकांनी स्वतःच ही मर्यादा लिहून ठेवलीय. तेव्हा 111 पैकी 110 म्हणजे खेळणाऱ्या प्रत्येकाला होतंच असं नाही. आणि बोरलँडने निर्णय घेतला तेव्हा तर हा अभ्यास आलाही नव्हता. एका तरुणाने अर्धवट माहितीवर आयुष्यातली सगळ्यात मोठी संधी सोडली, आणि आपण त्याचा झेंडा करून आठवीतल्या पोरांना घाबरवतोय.

न्यूरोवॉर्ड

मर्यादा मान्य, मी तो आकडा म्हणूनच दिला नव्हता. पण माहिती अर्धवट असताना मार खात राहायचं की थांबायचं, हे ज्याचं डोकं आहे त्यानेच ठरवायचं ना? 2011 मध्ये डेव्ह ड्युअरसनने जीव दिला आणि मागे निरोप ठेवला की माझा मेंदू संशोधनाला द्या. पन्नास वर्षांचा माणूस. तपासल्यावर सीटीई निघाला. हे बोरलँडच्या समोर होतं. आणि लीगच्या मोठ्या अधिकाऱ्याने, फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे, हे अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे कबूल केलं ते मार्च 2016 मध्ये, म्हणजे तो सोडून गेल्यावर वर्षाने. या पोराने त्यांच्या कबुलीची वाट बघितली नाही.

गोदाकाठ

मला वेगळंच म्हणायचंय. बोरलँड बरोबर असेल पण त्याला ते परवडलं. हातात इतिहासाची डिग्री होती, घर खाऊन-पिऊन सुखी. ज्याच्या आईने दोन शिफ्ट करून वाढवलंय, मागे तीन भावंडं आहेत आणि ज्याला रुकी म्हणून, म्हणजे पहिल्याच वर्षी, कमीत कमी चार लाख वीस हजार डॉलर (2014 चा आकडा) मिळत होते, तो कसा सोडेल? त्यात या लीगमध्ये बहुतेकांचे करार पूर्ण गॅरंटीचे नसतात, लागलं की टीम मोकळी. पेन्शन तीन सीझन झाल्यावर लागू होतं. म्हणजे व्यवस्थाच अशी आहे की गरजूने अजून एक वर्ष, अजून एक वर्ष करत डोकं पुढे करत राहावं. बोरलँडचं कौतुक करताना, जे थांबू शकत नाहीत ते कमी शहाणे असं वाटायला नको. आमच्याकडे दहीहंडीला वरच्या थरावर कोण चढतो बघा. बंगल्यातला पोरगा चढत नाही.

बेएरियावाला

गोदाकाठ, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. खरंय.

तालमीतला

गोदाकाठ बरोबर बोलले. माझ्या बापाच्या कर्जाचं मी लिहिलं ते यासाठीच. मी थांबलो असतो तर घरी तोंड काय दाखवणार होतो.

टेक्सासची_आई

मी ह्यूस्टनजवळ राहते. आमच्या गावात शुक्रवारी रात्री हायस्कूलच्या मॅचला दुकानं ओस पडतात. माझा मुलगा चार वर्षं खेळला आणि मी सही केली होती. रात्रभर रडून केली, पण केली. आता कॉलेजात आहे, बरा आहे. तो बुजरा होता, इथे ब्राउन मुलगा म्हणून एकटा बसायचा कॅन्टीनमध्ये. टीमने त्याला माणसं दिली. कोच घरी येऊन पोहे खाऊन गेलेत. एकदा मॅचमध्ये आपटला तर कोचनीच बाहेर काढला आणि डॉक्टरची चिठ्ठी येईपर्यंत हेल्मेटला हात लावू दिला नाही. बोरलँड रोज व्यावसायिक लोकांशी भिडत होता, शाळेतला मुलगा वेगळा. बेएरियावाला, तुमच्या मुलाला नुसतं नाही म्हणू नका, तो आयुष्यभर लक्षात ठेवेल.

आणि खरं सांगायचं तर अजूनही तो कुठली वस्तू कुठे ठेवली विसरला की माझ्या पोटात गोळा येतो. हेही लिहायलाच पाहिजे.

शिवाजीपार्क

ताई तुमची शेवटची ओळ वाचली आणि मी माझा आधीचा प्रतिसाद परत वाचला. कॉन्ट्रॅक्टर मोठाच. पण परत येण्याला धाडस म्हणायची आपल्याला सवय लागलीय एवढं कबूल करतो. 2019 ला इंडियानापोलिसच्या टीमचा अँड्र्यू लक 29 व्या वर्षी थांबला, मॅच चालू असतानाच बातमी फुटली आणि त्याच्याच घरच्या प्रेक्षकांनी त्याला हुर्यो केलं. दुखापतीतून सावरण्यात त्याची वर्षं गेली होती, किडनीला इजा झाली होती. तिकीट काढलं म्हणून माणसाचं शरीर आपलं होत नाही.

रिकामा_तास

सगळेच बोरलँडकडे झुकतायत तर दुसरं एक नाव ठेवतो. रायन शेझियर. तोही लाइनबॅकर, तोही 2014 च्याच ड्राफ्टमधला, हा तर पहिल्या फेरीतला. 4 डिसेंबर 2017, सिनसिनाटीत मॅच, डोकं खाली घालून टॅकल केला आणि मैदानावर पडला तो पाय हलेनात. मणक्याला इजा. वय 25. ऑपरेशन झालं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या स्टेजवर हळूहळू चालत आला. परत खेळायचं म्हणून तो झटत राहिला आणि 2020 मध्ये निवृत्ती जाहीर केली. या माणसाला खेळ सोडायचा नव्हता. मी त्याला मूर्ख म्हणू शकत नाही. माझं म्हणणं इतकंच की खेळावरचं प्रेम पण खरं असतं, त्याला निव्वळ अज्ञान समजू नका.

न्यूरोवॉर्ड

कोणीच मूर्ख म्हणत नाहीये. एकाच ड्राफ्टची दोन मुलं, एक स्वतः चालत गेला, दुसऱ्याला पहिलं पाऊल टाकायला महिने लागले. दोघांनाही मी वॉर्डात सारख्याच मायेने बघितलं असतं. पण आई म्हणून विचाराल तर मला पहिला हवा.

तालमीतला

काल रात्री झोप नाही आली हे वाचून. एक गोष्ट कधी कोणाला सांगितली नव्हती ती लिहितो. पहिल्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते की आता उतरू नको, चालता येईल एवढं राहू दे. वस्ताद काही बोलले नाहीत. बाप काही बोलला नाही. गावातली माणसं म्हणाली वाघ आहे, परत येणार. मी परत गेलो. एक जण जरी म्हणाला असता की पोरा पुरे, तुला कोणी काही म्हणणार नाही, तर मी कदाचित थांबलो असतो. आज जिना उतरताना कठडा धरावा लागतो, वय अडतीस.

तरी माझं मत बदललं नाही, एका सीझनमध्ये सोडणं मला जमलं नसतं आणि मला ते आवडतही नाही. माती सोडून जगणं काय असतं ते मला माहीत आहे, ते सोपं नाही. पण दादा, तुमच्या पोराला खेळू द्यायचं असेल तर एवढं आधीच सांगून ठेवा की ज्या दिवशी तू म्हणशील बास, त्या दिवशी घरात कोणी तोंड पाडणार नाही.

बेएरियावाला

तालमीतला, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. दोघंही थोडा वेळ गप्प होतो. मुलाला शेझियरचा ड्राफ्टच्या स्टेजवरचा व्हिडिओ दाखवला, बोरलँडची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, बाबा, मला अजून खेळायचंय. मग म्हणाला, तो कोल्हापूरचा माणूस खरंच आहे का?

फॉर्मला अजून दहा दिवस आहेत. तुमची हरकत नसेल तर त्याच्याशी फोनवर बोलाल का? त्याचं मराठी तोडकंमोडकं आहे पण समजतं सगळं.

तालमीतला

हरकत कसली. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. शनिवारी सकाळी आठला लावा, आमच्या आठला. तुमच्याकडे शुक्रवारची संध्याकाळ असेल. आणि त्याला सांगा, मी गुडघ्याबद्दल सगळं सांगणार आहे, आणि कुस्ती जिंकल्यावर फेट्यावर गुलाल पडतो तेव्हा कसं वाटतं तेही.